आमच्या बाईंवर लिहायचंय. त्यांची श्रद्धा वगळून लिहिता येईल का?

गंगावेशी

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका गेल्या. घरच्यांनी विनंती केलीय म्हणून इथं त्यांचं नाव देत नाही, शाळेचंही नाही. ज्यांना ओळखायचं ते पहिल्या चार ओळींतच ओळखतील.

कोल्हापुरातली मराठी माध्यमाची, मुलींची मिशनची शाळा. बाई मूळच्या पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीच्या. आधी पाचवी-सहावीला मराठी शिकवायच्या, मग हायस्कूलला, आणि शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका. लग्न केलं नाही. फिक्या रंगाची, कडक इस्त्रीची सुती साडी, कपाळ मोकळं, मनगटावर घड्याळ आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत निबंधाच्या वह्या आणि वह्यांच्या गठ्ठ्यात काळ्या रेक्झिनच्या कव्हरातलं बायबल.

आम्ही माजी विद्यार्थिनी त्यांच्यावर एक स्मरणिका काढतोय. मुख्य लेखाचा मसुदा परवा वाचला. बाई शिस्तप्रिय होत्या, मुलींना लेकी मानायच्या, सगळ्या धर्मांना सारखं मानायच्या, असं सगळं त्यात आहे. चर्च मात्र कुठंही नाही. प्रार्थना नाही, बायबल नाही. समितीतल्या मैत्रिणी म्हणतात, आपण शिक्षिका म्हणून लिहू, धर्म ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट आहे. हल्ली कोण कशाचा काय अर्थ काढेल सांगता येत नाही, असंही एकीनं बोलून दाखवलं.

मला हे पटत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई हजेरीपट उघडायच्या आणि आठवडाभर न आलेल्या मुलींची नावं एका छोट्या डायरीत उतरवायच्या. मग डबा खाऊन पायी निघायच्या. शाहूपुरी, कसबा बावडा, कधी केएमटीच्या बसनं पार उचगावपर्यंत. मुलीच्या घरी जाऊन बसायच्या. मी एकदा सोबत गेले होते. ऊन मी म्हणत होतं. "बाई, एका मुलीसाठी एवढं?" असं मी विचारलं, तेव्हा रस्त्यातच थांबून त्यांनी मला शंभरातल्या हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. नव्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या शोधात निघालेला मेंढपाळ. मला तेव्हा ती नुसती गोष्ट वाटली. बाईंसाठी तो कामाचा हुकूम होता, हे पुढं कळलं.

आता ही शनिवारची फेरी लिहायची आणि ती कुठून आली ते गाळायचं, हे कसं जमणार? तुमचं मत सांगा. ख्रिस्ती शिक्षक-शिक्षिकांच्या हाताखाली शिकलेल्यांनी आपल्या आठवणीही लिहा.

शाहूपुरीकर

ओळखलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायच्या. सकाळी सव्वासहाला त्यांच्या खिडकीत दिवा लागला की आमचे वडील घड्याळ लावायचे. सविस्तर रात्री लिहितो.

जुनी_वही

मीही त्याच शाळेची, दहावी १९८८. बाईंची वही तपासायची पद्धत कुणी लिहिली नाही, म्हणून मी लिहिते.

निबंधात चूक असेल तर त्या शब्दावर त्या कधी लाल रेघ मारायच्या नाहीत. त्या ओळीसमोर समासात एक छोटा ठिपका द्यायच्या. एका ओळीत दोन चुका असल्या तर दोन ठिपके. चूक नक्की कोणती, ते आपण शोधायचं. शोधून, दुरुस्त करून वही परत दिली की ठिपक्याभोवती गोल यायचा. गोल झाल्याशिवाय पुढचा निबंध तपासायला घ्यायच्या नाहीत. आमच्या वर्गात छप्पन्न मुली होत्या. प्रत्येक वही दोनदा हातात घ्यायची म्हणजे किती काम, याचा हिशेब मी स्वतः शिक्षिका झाल्यावर केला.

"पाणि" हा शब्द मी पाचवीपासून र्‍हस्व लिहायचे. माझ्या वहीत समासाला गोवर आल्यासारखे ठिपके असायचे. बाई एकदाही ओरडल्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "पाणी लांब वाहतं बघ, दीर्घ लिही." आजतागायत चुकले नाही.

परखड

आठवणी छान आहेत. पण दुसरी बाजूही कुणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो. मिशनच्या शाळा धर्मप्रसारासाठीच निघाल्या होत्या, हे ऐतिहासिक सत्य आहे. एखादी बाई व्यक्ती म्हणून कितीही चांगली असली तरी संस्थेचा हेतू लपत नाही. तुमच्या समितीचं म्हणणं मला बरोबर वाटतं. शिक्षिका म्हणून गौरव करा, बाकीचं सोडून द्या. श्रद्धा मध्ये आणलीत की हा प्रश्न येणारच.

इतिहासगडी

@परखड, हेतू लपवलाच नव्हता. पण कोल्हापूरची गोष्ट तुम्ही म्हणता तेवढी सरळ नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८४६ मध्ये हिंदुस्थानात आले. आधी अहमदनगरला शाळांचं काम पाहिलं आणि १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. कोल्हापूरच्या मिशनची सुरुवात ही. पुढं १८५४-५५ मध्ये त्यांच्या मिशन बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन पाहणीसाठी इकडं आले. अँडरसन यांचं मत असं की मिशनरींनी देशी भाषेत उपदेश करावा, मंडळ्या (म्हणजे स्थानिक चर्च) उभ्या कराव्यात, शाळांवर, विशेषतः इंग्रजी शाळांवर, पैसा आणि माणसं खर्च करू नयेत. त्यानंतर बऱ्याच शाळांना कात्री लागली. वायल्डर यांना हे मान्य नव्हतं. त्यांनी शाळांची बाजू घेऊन १८६१ मध्ये इंग्रजीत एक पुस्तकच छापलं. बोर्डाशी संबंध तुटला तरी ते कोल्हापूरला परत आले आणि कैक वर्षं स्वतंत्रपणे काम करत राहिले. १८७० च्या सुमारास हे मिशन प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनकडं गेलं.

म्हणजे "शाळा कशासाठी?" हे भांडण मिशनच्या आतच झालं होतं, आणि ज्यांना फक्त धर्मप्रसार हवा होता ते शाळांच्या विरोधात होते. शाळा मागणारा माणूस कोल्हापूरला परतला. आज गावात वायल्डर मेमोरियल चर्च आहे ते याच घराण्याच्या नावानं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच जन्मला आणि पुढं अमेरिकेतल्या विद्यार्थी मिशनरी चळवळीचा मोठा पुढारी झाला. एस्तर पॅटन हे नावही कोल्हापूरकरांना शाळेच्या पाटीमुळं ठाऊक आहे. त्या याच मिशनच्या.

वायल्डर धर्मप्रसारक नव्हते असं मी म्हणत नाही. ते होतेच, आणि उघडपणे होते.

परखड

माहितीबद्दल आभार, अँडरसन प्रकरण नवीन होतं. तरी मुद्दा राहतोच. शाळेच्या परिपाठात प्रार्थना व्हायची ना? मुलींना पर्याय होता का?

जुनी_वही

@परखड, आमच्या वेळी परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, एक मराठी प्रार्थना आणि बातम्या असायच्या. प्रार्थनेत येशूचं नाव नव्हतं, "प्रभो" होतं. ज्यांना म्हणायची नाही त्या नुसत्या उभ्या राहायच्या. माझ्या शेजारची मैत्रीण कट्टर विठ्ठलभक्त घरातली. ती "प्रभो" म्हणताना विठोबा डोळ्यांसमोर आणायची, आणि हे तिनं बाईंना सांगितलं होतं. बाईंनी तिला वारीवर निबंध लिहायला लावला आणि तो वर्गात वाचून घेतला.

सदरबाजार

मी बहुधा या धाग्यावरचा वयानं सगळ्यात मोठा. माझी आजी मिशनच्या शाळेत चार यत्ता शिकली. आमच्या समाजाच्या पोरींना तेव्हा दुसऱ्या शाळेत ओसरीवर बसवायचे, नाहीतर घ्यायचेच नाहीत. आजीला लिहिता यायचं म्हणून आमच्या वस्तीतली सगळी पत्रं तिच्याकडं यायची. ती ख्रिस्ती झाली नाही. तिला कुणी तसं म्हटलंही नाही, असं ती शेवटपर्यंत सांगायची. तिची धाकटी बहीण झाली, स्वतःच्या मर्जीनं. दोघी एकाच परड्यात भांडी घासायच्या.

आणि शाहू महाराजांचंही बघा. १९०१ ला मराठा बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला अस्पृश्यांच्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, १९१५ ला इंडियन ख्रिश्चन हॉस्टेल. दसरा चौकातून गेलं की यातल्या काहींच्या इमारती अजून दिसतात. १९१७ मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि पोर शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. ज्याचा जो समाज त्यानं आपल्या ओळखीसकट शिकावं, ही या गावाची रीत आहे. ओळख पुसून टाका आणि मग गौरव करू, असं महाराजांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या समितीला एवढं जरूर कळवा.

तांबडापांढरा

सदरबाजारकाका, लाखात एक बोललात.

मला बाई शिकवायला नव्हत्या (मी मुलगा, शाळा मुलींची!), पण नाताळला त्यांच्या घरून आमच्याकडं ताट यायचं. लोकांना वाटतं ख्रिस्ती म्हणजे केक. कोल्हापूरच्या ख्रिस्ती घरात करंजी, चकली, शंकरपाळी आणि अनारसे, सगळं दिवाळीसारखं. केकचा तुकडा असायचा, कोपऱ्यात. आणि दुपारी पांढरा रस्सा!! आमची आई म्हणायची, बाईंच्या पांढऱ्या रश्शासारखा रस्सा मंगळवार पेठेत पण मिळायचा नाही.

पुणेस्थित

अनारसे आणि पांढरा रस्सा एकाच दिवशी. कोल्हापूर सोडल्याचं दुःख पुन्हा ताजं केलंत.

मंगळवारपेठी

@तांबडापांढरा मंगळवार पेठेच्या रश्शाबद्दल असं बोलायचं नाही भावा. बाईंबद्दल आदर आहे म्हणून सोडतोय.

ऊसकरी

मी लई लिवणारा माणूस न्हाई, पण ह्ये लिवायलाच पायजे.

आमी ऊसतोडीची माणसं. आई-बाप दिवाळीनंतर कारखान्यावर जायाचे ते उन्हाळा लागस्तोवर. थोरली बहीण चौथीत हुशार निघाली म्हणून मामानं तिला कोल्हापुरात बाईंच्या शाळंत घातली. सातवीला असताना बापानं ठरवलं, आता बास, कोयत्याला एक माणूस कमी पडतंय आणि एक स्थळ बी आलंय. दाखला काढाय बाप शाळंत गेला. बाईंनी दाखला दिला न्हाई. तंडल्या बी न्हाईत. म्हणाल्या, शनिवारी घरी येते, तिथं बोलू.

आमचं घर म्हंजे मामाच्या परड्यातलं पत्र्याचं खोपाट. बाई आल्या, उंबऱ्यावरच बसल्या. आईनं पोतं हातरलं, त्यावर बी न्हाई बसल्या. बापाला इचारलं, कोयत्याची उचल किती घेतलीस? बापानं सांगितलं. मग बाई गप बसल्या. लई येळ गप. आई सांगायची, त्यांचे व्हट नुसते हलत हुते, मनात प्रार्थना म्हणत हुत्या. मग म्हणाल्या, पोरगी वसतिगृहात ऱ्हाईल, जेवणाचं मी बघते, लगीन दहावीनंतर तुमी ठरवा, मी मधी येणार न्हाई. बाप म्हणला, तुमी तिला किरिस्ताव करशीला. बाई म्हणाल्या, करीन तर तुला सांगून करीन, चोरून न्हाई.

बहीण आज सांगली जिल्ह्यात ग्रामसेवक हाय. देव्हाऱ्यात जोतिबा हाय तिच्या. आणि जोतिबाच्या शेजारी बाईंचा फोटो हाय.

शाहूपुरीकर

@ऊसकरी, वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. यातली एक ओळही न बदलता स्मरणिकेत घ्या.

रात्री लिहितो म्हटलं होतं, ते आता. २००५ च्या महापुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं. जयंती नाल्याचं पाणी तुंबलं की आमच्याकडं सगळ्यात आधी येतं. तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या. तरी शाळेच्या शिपाईमामांना उठवून किल्ल्या घेतल्या, वर्ग उघडले, बाकं भिंतीला लावून घेतली. कुंभारांच्या गणपतीच्या मूर्ती तयार होत होत्या, सीझन तोंडावर. माणसं वर्गात आली, पण मूर्ती कुठं ठेवायच्या? बाईंनी ड्रॉइंगचा हॉल उघडून दिला. ख्रिस्ती बाईंच्या शाळेत ओळीनं गणपती, काही रंगवलेले, काही नुसते पांढरे. एका कुंभारणीनं विचारलं, "बाई, तुम्हाला चालतंय नव्हं?" बाई म्हणाल्या, "तुमची वर्षाची भाकरी आहे ती, ओली होऊ द्यायची का?" एवढंच. मग खिचडीच्या पातेल्याकडं गेल्या.

२०१९ ला पुन्हा पूर आला तेव्हा बाई अंथरुणाला होत्या. घरी कोण अडकलंय, हे फोनवरून विचारत होत्या.

नववी_ब

सगळे गोड लिहिताहेत. मी थोडं वेगळं लिहिणार आहे आणि ते स्मरणिकेत आलं तरी चालेल.

बाईंनी मला आठवीत मागं ठेवलं. गणितात चार गुण कमी होते, ग्रेस देता आले असते. माझ्याबरोबरच्या दोघींना वर्ग चढवला, मला नाही. घरी येऊन आईला म्हणाल्या, "हिला ढकलली तर ही दहावीला बसणार नाही." त्यांचं म्हणणं खरं ठरलं असेलही, मी दहावी झाले. पण मैत्रिणी पुढं गेल्या आणि मी मागच्या बाकावर लहान मुलींत वर्ष काढलं. तो अपमान आहे, आणि मला आजही त्यांचा तो निर्णय पटत नाही. त्या शिस्तीपुढं मऊ पडायच्या नाहीत. देवाला उत्तर द्यायचंय म्हणायच्या. माणसालाही द्यायचं असतं, असं मला वाटायचं.

तरीही शेवटच्या दिवशी मी चर्चमध्ये होते. पाळकांनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचेत का? मी उठले नाही. आता इथं लिहितेय.

जुनी_वही

@नववी_ब, तुझी नोंद स्मरणिकेत यायलाच हवी. सगळेच हार घालणार असतील तर वाचणाऱ्याला बाई दिसणार नाहीत.

परखड

@नववी_ब यांच्याशी सहमत. श्रद्धेतून ठामपणा येतो तसा हट्टही येतो. दोन्ही लिहा. आणि हो, ऊसकरी यांच्या प्रतिसादातलं "सांगून करीन, चोरून न्हाई" हे उत्तर मला आवडलं. माझा आक्षेप संस्थांच्या इतिहासाला होता आणि तो कायम आहे. त्या बाईंना नाही.

मंडळीतली

मी ख्रिस्ती आहे, आणि बाई आमच्या मंडळीच्या. इथले प्रतिसाद वाचत होते, लिहू की नको करत होते. आधी सगळ्यांना जय ख्रिस्त.

तुम्ही शनिवार पाहिलात, मी रविवार सांगते. उपासनेआधी रविवारची शाळा बाईच घ्यायच्या. तिथं त्या वेगळ्या असायच्या. शाळेत आवाज चढायचा नाही आणि उतरायचाही नाही. इथं मोकळ्या हसायच्या. पेटी स्वतः वाजवायच्या, काळी दोन पट्टी. अभंगाच्या चालीतली ख्रिस्ती पदं आम्हाला त्यांच्यामुळं तोंडपाठ आहेत. बायबल वाचताना एखादा जुना मराठी शब्द आला की थांबायच्या आणि कोडोलीत आमची आजी हा शब्द अजून बोलते, असं सांगायच्या.

मंडळीतल्या काही जणांची त्यांच्यावर नाराजीही होती, हे लिहायला हरकत नाही. बाई चर्चच्या कामाला पुरेसा वेळ देत नाहीत, सगळा जीव शाळेत घालतात, अशी कुरकुर वार्षिक सभेत झाली होती. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी शाळेत जाते तेव्हा उपासनेलाच जाते." खाली बसल्या. पुन्हा तो विषय निघाला नाही.

म्हणून धागाकर्तीच्या प्रश्नाला माझं उत्तर. श्रद्धा वगळून लिहू नका, कारण मग आमच्या बाई राहत नाहीत. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना अजून विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? आम्ही मूळचे इथलेच. पंचगंगेचं पाणी पिऊन वाढलेले. आमच्यातल्या एका बाईनं तुमच्या हजारो मुलींना शुद्ध मराठी शिकवलं आणि तुम्ही तिच्यावर लिहिताना तिचं चर्च झाकणार असाल, तर ते चांगल्या मनानं केलं असलं तरी आम्हाला लागतं.

आणखी एक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाई प्रत्येक घरी जायच्या, कुंकू लावून घ्यायच्या नाहीत, तिळगूळ घ्यायच्या. कुणालाही वाईट वाटू न देता. आपलं सोडायचं नाही आणि दुसऱ्याचं दार टाळायचं नाही, हे मी त्यांच्याकडं बघून शिकले.

सदरबाजार

जय ख्रिस्त, जय भीम, पोरी. फार नीट लिहिलंस.

झेडपी_गुरुजी

मी राधानगरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. माझी आई बाईंची विद्यार्थिनी. चौथी-सातवीच्या स्कॉलरशिप परीक्षांना बाई जादा तास घ्यायच्या, एक पैसा न घेता, हे आईनं इतक्यांदा सांगितलंय की मी शिक्षक झालो त्यात बाईंचा वाटा आहे.

व्यवसायाच्या बाजूनं एक सांगतो. आज आम्हाला शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे करावा लागतो, हंगामी स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी सोय बघावी लागते, ऑनलाइन माहिती भरावी लागते. कागदावर सगळं आहे. पण पोरगं दोन दिवस आलं नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाणारा मास्तर विरळा. बाई हे कुठल्याही जीआरशिवाय करायच्या. त्यांना ते बळ त्यांच्या देवानं दिलं असं त्या मानायच्या, तर तसंच लिहा. माझ्यासारख्या नास्तिकालाही ते वाचायला आवडेल. बळ कुठून येतं ते कळलं तर निदान शोधता येतं.

@जुनी_वही, ठिपक्यांची पद्धत उद्यापासून वापरतोय.

जुनी_वही

@झेडपी_गुरुजी, एक सूचना. तिसरीच्या खाली वापरू नका, लहान मुलं ठिपके मोजून रडतात. अनुभव आहे.

तांबडापांढरा

स्मरणसभा कुठं आहे? शाहू स्मारकला असेल तर मोठ्ठा फ्लेक्स मी लावतो, माझ्या खर्चानं. दसरा चौकात.

गंगावेशी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती.

@तांबडापांढरा, भावना पोचल्या. पण फ्लेक्स नको. बाईंच्या निवृत्तीला मुलींनी गेटवर फ्लेक्स लावला होता, तो त्यांनी स्वतः उतरवून घेतला आणि त्याच्या कापडाचं ग्रंथालयाच्या गळक्या खिडकीला छप्पर करून घेतलं. तेच पैसे वसतिगृहातल्या मुलींच्या परीक्षा फीला देता येतील का बघा.

काल समितीची बैठक झाली. हा धागा मोबाइलवर सगळ्यांना वाचायला दिला. ऊसकरी यांचा प्रतिसाद वाचताना दोघी उठून आत गेल्या. मंडळीतली यांचा वाचून झाल्यावर, "अर्थ काढतील" म्हणणारी मैत्रीण बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, काढू देत. मुख्य लेख नव्यानं लिहायचा ठरलंय. सुरुवात कोडोलीच्या घरापासून, तिथल्या प्रार्थनेपासून. शनिवारची फेरी मेंढराच्या गोष्टीसकट. पुरातले गणपती येतील, वार्षिक सभेतलं उत्तर येईल. नववी_ब यांचा मजकूर त्यांची परवानगी असेल तर स्वतंत्र पानावर, त्यांच्याच शब्दांत. इतिहासगडी, मिशनच्या शाळांवर दोन पानी टिपण द्याल का? परखड यांचा आक्षेपही त्यात मांडा, उत्तरासकट.

@मंडळीतली, रविवारच्या शाळेवर तुम्हीच लिहावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

नववी_ब

परवानगी आहे. एकही शब्द मऊ करू नका.

इतिहासगडी

देतो. @परखड, तुमचा मुद्दा मी लिहिला तर तुम्ही एकदा नजरेखालून घाला, म्हणजे माझ्याकडून झुकतं माप पडायला नको.

परखड

जरूर. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मंडळीतली

लिहिते. पाळकसाहेबांशी बोलले, चर्चच्या जुन्या अल्बममध्ये बाईंचा पेटी वाजवतानाचा एक फोटो आहे, तरुणपणीचा. तो देतो म्हणालेत. रविवारच्या शाळेत शिकलेले आणखी दोघं-तिघं आहेत, एक मिरजेला नर्स आहे, तिलाही लिहायला सांगते.

शाहूपुरीकर

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवू नका, छपाईत फाटतो. मूळ प्रत द्या, मी लक्ष्मीपुरीत स्कॅन करून आणतो आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये परत नेऊन देतो.

ऊसकरी

बहिणीला धागा वाचून दावला. ती म्हणती, वसतिगृहातल्या पोरींची एका वर्षाची परीक्षा फी मी भरते, नाव कुठं घालू नका. आणि बाईंची शनिवारची डायरी कुणाकडं हाय का इचारलंय. असली तर तिचं एक पान छापा म्हणती, नावं झाकून.

गंगावेशी

डायऱ्या आहेत. बाईंच्या भाचीकडं. उद्या जातेय.